दर जानेवारीला सुरू होतं आणि फेब्रुवारीत बंद पडतं

प्रश्न : नमस्कार ताई, मी 44 वर्षांची, नौपाड्यात राहते, नोकरी फोर्टला. गेल्या महिन्यात ऑफिसच्या चेकअपमध्ये एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तपासणी) 6.1 आलं, डॉक्टर म्हणाले अजून डायबिटीस नाही पण उंबरठ्यावर आहात, आईला होता त्यामुळे जास्तच टेन्शन आलंय. 10 किलो वजन कमी करायचं ठरवलंय. पण माझं दर वर्षी हेच होतं, जानेवारीत जिमचे वर्षाचे पैसे भरते, पहाटे 5 चा अलार्म, साखर बंद, भात बंद, आणि मग कुणाचं तरी लग्न येतं नाहीतर सासूबाई आजारी पडतात, चार दिवस खाडा झाला की संपलंच सगळं. माझ्यात जिद्दच नाही का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पहिलं म्हणजे जिद्दीचं डोक्यातून काढून टाका. जी बाई सकाळी डबे भरून फास्ट लोकलच्या गर्दीत शिरते आणि संध्याकाळी परत येऊन कुकर लावते तिच्यात जिद्द कमी आहे असं मी तरी म्हणणार नाही. गडबड आहे ती तुम्ही जे ठरवता त्यात. 10 किलो कमी होणं थेट तुमच्या हातात नाहीये, आदल्या रात्री लोणचं-पापड जास्त झालं तरी अंगात पाणी धरून सकाळी काटा वर सरकतो आणि मन खट्टू होतं. स्टेशनवरून घरी रिक्षाने जायचं की चालत, हे मात्र हातात आहे.

मग तेवढंच ठरवा. पहाटे 5 चं सोडाच, रात्री साडेअकराला आडवं होणाऱ्या माणसाने पहाटेचे संकल्प करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. संध्याकाळी ठाण्याला उतरलात की शेअर रिक्षाच्या लाईनीत उभंच राहायचं नाही, स्टेशनजवळच्या तळ्याकाठी, तलावपाळीला यायचं, फेरी मारायची आणि तसंच चालत घरी. बूट पिशवीत ठेवा. मी चार वर्षं एकच करतेय, मुलुंड गेलं की लेडीज डब्यात बसल्याबसल्या सँडल काढून बूट घालते आणि लेस घट्ट बांधते, एकदा लेस बांधली की रिक्षात बसावंसंच वाटत नाही. चालायचं असं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. हे 20 मिनिटं आणि रात्री जेवणानंतर गच्चीवर 10, आठवड्यातून पाच दिवस, झाली की 150 मिनिटं, जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना निदान एवढंच सांगते (सोबत दोन दिवस स्नायूंचा व्यायामही सांगते, पण तो नंतर बघू). जेवणानंतरची 10 मिनिटं सोडू नका, जेवणानंतर चढणारी साखर चालण्याने कमी चढते, तुम्हाला त्याचीच गरज आहे. आणि मोबाईलमधल्या 10,000 पावलांचं फार मनावर घेऊ नका, तो आकडा 1965 मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, डॉक्टरांनी काढलेला नाही.

आता खाड्याचं, कारण तुमचं खरं घोडं तिथेच अडतंय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 2009 मध्ये 96 लोकांचा अभ्यास मांडला होता, सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 तर कुणाला 254 दिवस लागतील असा हिशोब निघाला, आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही. म्हणजे तुम्ही फेब्रुवारीत सोडता तेव्हा सवय लागायची वेळच आलेली नसते! म्हणून खाडा होणार हे आधीच धरून चाला. लग्न असेल, घरात आजारपण असेल, त्या दिवशी जेवणानंतर फक्त 5 मिनिटं, पण तीही लागोपाठ दोन दिवस चुकवायची नाहीत. जुलैत पाऊस धो धो असेल तर घरातल्या घरात नाहीतर बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये फेऱ्या. हे आत्ताच लिहून फ्रिजवर लावा, त्या दिवशी विचार करत बसलात तर हमखास राहून जाईल.

चालणं बसलं की मग चहाकडे बघा, दोन्ही एकदम धरू नका. दिवसाचे चार चहा दोन-दोन चमचे साखरेचे असतील तर 8 चमचे झाले, म्हणजे साधारण 32 ग्रॅम, आणि वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर जास्त बरं असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करा, जीभ सरावते. भात बंद नको, एक वाटी घ्या आणि उसळ, भाजी वाढवा.

एचबीएवनसी 5.7 ते 6.4 हा उंबरठाच आहे, इथून मागे फिरता येतं. ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांचं चित्र दाखवते त्यामुळे आठवड्याला तपासून काही कळणार नाही, पुढची तपासणी कधी ते डॉक्टरांना विचारा आणि आईचं त्यांना नक्की सांगा. आणि सासूबाईंना बरं असेल तर रात्री त्यांनाही गच्चीवर घेऊन जा, पहिल्या दोन फेऱ्या त्यांच्या चालीने झाल्या तरी चालतील, त्या जेवण झाल्याझाल्या चप्पल घालून दारात उभ्या राहिल्या की तुम्हाला आज नको म्हणता येणार नाही.