मुलगी प्लांटवर दिवसभर नेमकं काय करणार?

(कागलहून एका पालकांचं पत्र आहे. मुलगी केमिकल इंजिनिअर झाली आहे. ठेक्यावर जलशुद्धीकरण केंद्र चालवणाऱ्या एका कंपनीत, कोल्हापूरजवळच, तिला नोकरी मिळते आहे. पाहुणे म्हणतात, “एवढं शिकून व्हॉल्व्हच फिरवायचे का?” वडिलांना शिफ्टचीही काळजी आहे.)

सप्रेम नमस्कार,

पाहुण्यांना सांगा, व्हॉल्व्ह ऑपरेटर फिरवतो. तो कधी आणि किती फिरवायचा हे इंजिनिअर ठरवतो, आणि पहिली एक-दोन वर्षं तेवढंच नीट शिकण्यात जातात.

सकाळची शिफ्ट धरू. गेल्या गेल्या लॉगबुक बघायचं: रात्रभराचा गढूळपणा, पीएच, क्लोरीन, कुठला पंप बंद पडला, लाईट कधी गेली. मग रात्रपाळीच्या ऑपरेटरशी बोलायचं, कारण तीन नंबरच्या फिल्टरमधून पाणी हळू उतरतंय हे कधी कधी वहीत नसतं, त्याच्या तोंडून कळतं. ही माणसं वर्षानुवर्षं तिथं आहेत. मामा, काका म्हणून विचारणाऱ्या पोरीला ती हातचं राखून शिकवत नाहीत. डिग्रीचा तोरा दाखवला तर मात्र कुणी काही सांगत नाही.

त्यानंतर प्रयोगशाळा. पावसाळ्यात नदीला तांबडं पाणी आलं की दिवसाचा खरा कस इथंच लागतो. एक-एक लिटरच्या सहा बीकरमध्ये नदीचं पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटीची वेगळी मात्रा टाकायची, आधी जोरात आणि मग वीसेक मिनिटं संथ ढवळायचं, मग निवळू द्यायचं. याला जार टेस्ट म्हणतात. ज्या सर्वांत कमी मात्रेला पाणी चांगलं निवळलं, ती त्या वेळेची मात्रा. ती लिटरला 20 मिलिग्रॅम निघाली, तर रोज एक कोटी लिटर पाण्याला 200 किलो तुरटी लागते. कमी पडली तर गाळ फिल्टरवर जातो, जास्त झाली तर पैसा वाया जातो आणि पीएच घसरतो. दुपारी नदीचा रंग बदलला तर हे सगळं पुन्हा करायचं. केमिकलवाल्या मुलीला हे काम मनापासून आवडेल असं मला वाटतं.

पुढं फिल्टर बॅकवॉशला, म्हणजे उलटं पाणी सोडून धुवायला, घ्यायचा की नाही ते बघायचं आणि शुद्ध पाणी तपासायचं. गढूळपणा 1 एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत हवा, नळापर्यंत क्लोरीन लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम उरायला हवा. जंतूंच्या तपासणीचा निकाल यायला एखादा दिवस तरी जातो, तोवर पाणी लोकांच्या पोटात गेलेलं असतं. म्हणून क्लोरीनचा आकडा तिनं स्वतः बघितल्याशिवाय वहीत लिहू नये. इचलकरंजीत 2012 साली दूषित पाण्यातून काविळीची साथ आली होती, ती तुमच्याकडं कुणी विसरलं नसेल.

दुपारी बहुतेक कागदपत्रं: रसायनांचा साठा, विजेचा वापर, दुरुस्तीवाल्याला फोन. कंटाळवाणं असतं, पण करावं लागतं.

महापुरात मात्र सगळंच वेगळं. 2019 आणि 2021 ला उपसा केंद्रांत पाणी शिरलं, पंप बंद पडले आणि सगळीकडं पाणीच पाणी असताना कोल्हापूरकर टँकरची वाट बघत होते. अशा दिवसांत घरी यायची वेळ ठरलेली नसते, हे आत्ताच मनात धरा.

पगार सुरुवातीला आयटीपेक्षा कमी असतो. पाणीपुरवठ्याच्या सरकारी जागांना बहुतेक वेळा स्थापत्यची पदवी मागतात, तेव्हा जाहिरात नीट वाचल्याशिवाय त्या आशेवर राहू नका. तिचा पुढचा रस्ता मला कारखान्यांच्या सांडपाण्यात जास्त दिसतो. साखर, दूध, कापड प्रोसेसिंग हे सगळं आपल्याच जिल्ह्यात आहे. पुढं एम.टेक. करायचं असेल तर 2021 पासून गेटमध्ये (एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेत) पर्यावरण अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे.

शिफ्टची तुमची काळजी रास्त आहे. रात्रपाळी किती, गाडी घरापर्यंत येणार का, रात्री सोबत कोण, बाईमाणसासाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का, हे लेखी विचारा. त्यात संकोच नको.

पण मला त्याहून मोठी काळजी क्लोरीनची आहे. मोठ्या केंद्रांवर तो टनाच्या सिलिंडरमध्ये येतो आणि गळती झाली तर जीवावर बेततं. म्हणून सही करण्याआधी मुलीसोबत एकदा केंद्रावर जाऊन या. क्लोरीनच्या खोलीबाहेर श्वसनाचा संच हाताशी आहे की कुलपात ठेवलाय, वाऱ्याची दिशा दाखवणारं निशाण आहे का, गळतीचा सराव शेवटचा कधी घेतला, हे तिलाच विचारू द्या. धड उत्तरं मिळाली तर बिनघोर पाठवा. टाळाटाळ झाली तर ही नोकरी सोडा, क्षेत्र सोडू नका.