दुसरा कप

“आई सकाळी दोन कप चहा करते. एक तिचा, एक बाबांचा. बाबांना जाऊन पाच महिने झाले, तरी त्यांच्याशी बोलते. डोकं तर फिरलं नाही ना तिचं?”

लातूरला माझ्याकडे सल्ला विचारायला आलेल्या एका मुलाचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नातेवाईक ‘बाहेरचं असेल’ म्हणत होते. आई बाहेर बाकावर बसली होती.

मावशींचं वय ६७, गाव औसा तालुक्यातलं. काका गेलेत हे ठाऊक आहे ना, असं कसं विचारावं, मला सुचेना. त्याच म्हणाल्या, “लेकरा, त्यांच्या तोंडात पाणी मीच घातलं. मला ठावं नाही व्हय? पण पंचेचाळीस वर्सं दोन कपाचं आधण ठिवलं. हाताला एकाचं जमंना.” बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

मला हेच ऐकायचं होतं. माणूस गेल्याचं पक्कं ठाऊक असेल, तर त्याच्याशी बोलणं म्हणजे वेड नव्हे. वेल्समधल्या डेवी रीस या डॉक्टरांनी २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ साली लिहिलं, की जवळपास निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचा, दिसल्याचा किंवा त्याचा आवाज ऐकल्याचा असा काही ना काही अनुभव आला होता. बहुतेकांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. लोक काय म्हणतील, ही भीती आपल्याकडेही तीच.

पण मावशींचं दुःख एवढंच नव्हतं. तेराव्यानंतर मुलानं मायेनंच त्यांना लातूरच्या फ्लॅटमध्ये आणलं. म्हैस विकली, रान बटईनं दिलं. “हितं दार लावलं की माणूस संपलं,” त्या म्हणाल्या. नवऱ्यामागोमाग अंगण गेलं, शेजारीण गेली, आणि त्याबद्दल कुणी विचारलंसुद्धा नाही.

येळवस, म्हणजे घरच्यांनी मिळून शेतात जाऊन पूजा करायची वेळा अमावास्या, तीन आठवड्यांवर होती. वर्ष दुःखाचं म्हणून यंदा शेतात जायचं नाही, असं घरात ठरलेलं. “तुम्हाला जावंसं वाटतं का?” मी विचारलं. मावशी तेव्हा पहिल्यांदा रडल्या. आंबील शिंपडायचं काम काकांचं असायचं.

मुलाला म्हटलं, त्यांना घेऊन जा. आणि तो दुसरा कप ओतून देऊ नकोस, शेजारी बसून पी. मात्र आई बाबांना घरभर शोधायला लागली, जेवण तुटलं, ‘मला कशाला मागं ठेवलं’ हेच घोकू लागली, तर थांबू नकोस, मानसोपचारतज्ज्ञांकडे ने. सहा महिने उलटूनही दुःख तसूभर हललं नाही, रोजचं जगणंच अडलं, तरीही ने. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे.

येळवशीनंतर दोघं पुन्हा आले. आंबिलीचं बिंदगं मावशींनी स्वतः डोक्यावर नेलं होतं. शिंपडायला नातू, त्याला जमेना, तेव्हा त्यांनीच त्याचं मनगट धरलं.

“आणि चहा?” मी विचारलं.

“दोनच कप करते,” मुलगा म्हणाला. “दुसरा मी पितो. पण आधी थोडा वेळ बाबांच्या जागेवर ठेवते.”