तेल, लोणी आणि कॅलरींचा हिशेब

ताकद टिकवायला स्निग्ध पदार्थ खायचे, पण वजनही उतरवायचं. यावरची बहुतेक पत्रं एकाच गोंधळातून येतात. त्यातली काही इथे घेते.

प्रश्न : सर्वांत कमी कॅलरीचं तेल कोणतं?

कोणतंच नाही. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, बाटली कुठलीही असो.

प्रश्न : आमच्या तेलावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ लिहिलंय. ते थोडं सढळ हाताने वापरलं तर?

वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच, त्यामुळे यात कंपनीचं काहीच कर्तृत्व नाही. असली लेबलं लोकांचा हात सैल करतात, याची मला चीड येते. मागचा पोषणतक्ता वाचा, आणि त्यातले आकडे किती ग्रॅमसाठी दिलेत तेही पाहा.

प्रश्न : ‘फॅट खाल्लं की शरीर फॅट जाळतं’ असं जिममध्ये ऐकलं. रोज कॉफीत दोन मोठे चमचे लोणी घालतो. दोन महिने झाले, वजन हलत नाही.

हलणार कसं? कर्बोदकं कमी केली की शरीर चरबी जास्त जाळतं, हे खरं. पण ती चरबी पोटावरचीच असेल असं नाही. तुम्ही नुकतंच प्यायलेलं लोणीही त्यातच आलं, आणि त्याच्याच सुमारे २०० कॅलरी होतात. बाहेरून एवढा पुरवठा होत असताना अंगावरच्या साठ्याला हात लागत नाही. दिवसभरात खर्चापेक्षा कमी ऊर्जा पोटात गेली, तरच साठा घटतो. शिवाय खाल्लेली चरबी साठवायला शरीराला फारसे कष्ट पडत नाहीत. प्रथिनांतली २० ते ३० टक्के ऊर्जा पचनातच खर्च होते, चरबीची जेमतेम ३ टक्के.

म्हणून चरबी अजिबात बंद करा, असंही मी म्हणत नाही. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं तिच्याशिवाय नीट शोषली जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटना चरबीची मर्यादा एकूण ऊर्जेच्या ३० टक्के सांगते, म्हणजे १५०० कॅलरींच्या आहारात ५० ग्रॅम. संपृक्त चरबी त्यातही एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, आणि लोण्यात तीच जास्त असते.

अंदाजाने ओतणं आधी थांबवा. स्वयंपाकाआधी तेलाची बाटली वजनकाट्यावर ठेवा, नंतर पुन्हा ठेवा. जितके ग्रॅम कमी झाले, त्याला नऊने गुणा. बहुतेकांना तो आकडा पाहून धक्का बसतो. आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करून रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, कारण अशा आहारात काहींचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, बरंच वाढतं.

प्रश्न : मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. कीटो (कर्बोदकं अगदी कमी, चरबी भरपूर असा आहार) सुरू करू का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही नाही. काही गोळ्यांवर असताना कर्बोदकं तोडली तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. ‘ग्लिफ्लोझिन’ गटातल्या गोळ्यांवर तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनीही हेच पाळावं.

प्रश्न : झपाट्याने वजन उतरवलं. आता तेलकट खाल्लं की उजव्या बरगडीखाली दुखतं, तीन महिने झाले. तेल बदलू का?

तेल राहू द्या, पोटाची सोनोग्राफी करून घ्या. वजन वेगाने उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. तीन महिने अंगावर काढायला नको होते. ताप, कावीळ किंवा न थांबणारी कळ आली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.