खंदकातले हसू नेमके कोणावर?

प्रश्न : पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांवरची ‘ब्लॅकॲडर गोज फोर्थ’ ही विनोदी मालिका नुकतीच पाहिली. पाच भाग पोट धरून हसलो आणि सहाव्याच्या शेवटी स्वतःचीच लाज वाटली. लाखो माणसे जिथे मेली, त्या खंदकांची थट्टा करणे हा मृतांचा अपमान नव्हे काय? आणि तसे नसेल, तर लेखकांना अखेरीस एकाएकी गंभीर का व्हावेसे वाटले?

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या उत्तरार्धापासून सुरुवात करतो, कारण मालिका ‘एकाएकी’ गंभीर होते हे मला मान्य नाही. रिचर्ड कर्टिस आणि बेन एल्टन यांनी लिहिलेली ही सहा भागांची मालिका बीबीसीने १९८९ साली दाखवली. तिच्या पहिल्याच भागात शिपाई बॉल्ड्रिक बंदुकीच्या गोळीवर स्वतःचे नाव कोरत बसलेला दिसतो. प्रत्येकाच्या नावाची एक गोळी कुठेतरी असतेच म्हणतात; तेव्हा आपल्या नावाची गोळी आपल्याच जवळ असली की ती आपल्याला लागणार नाही, असा त्याचा हिशेब. आपण हसतो ते त्याच्या बावळटपणाला, पण गोळी येणारच, हे त्या हिशेबात त्याने आधीच धरलेले असते. सहाव्या भागात जे घडते त्याची उधारी इथूनच सुरू झालेली आहे.

दुसऱ्या भागात जनरल मेल्चेटचे लाडके कबूतर मारल्याबद्दल कॅप्टन ब्लॅकॲडरचे कोर्ट मार्शल होते. न्यायासनावर खुद्द मेल्चेट, आणि बचावाच्या वकिलाला केवळ हजर राहिल्याबद्दल पन्नास पौंड दंड! गोळ्या घालणारे पथक आदल्या दिवशी कैद्याची ओळख करून घ्यायला येते, तेही अगदी खेळीमेळीने. ही अतिशयोक्ती खरीच. परंतु त्या युद्धात पळून जाणे, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटिश लष्करी न्यायालयांच्या हुकमावरून तीनशेहून अधिक सैनिकांना खरोखरच गोळ्या घालण्यात आल्या आणि त्यांना माफी मिळायला २००६ साल उजाडावे लागले, हे ठाऊक असले की अतिशयोक्ती नेमकी किती, हे ठरवणे अवघड होऊन बसते.

आता अपमानाविषयी. या मालिकेत माणूस मरणापासून जितका दूर, तितका तो हास्यास्पद आहे. मेल्चेट आघाडीच्या मागे सुरक्षित बसून नुकतीच जिंकलेली जमीन मेजावर दाखवतो. नकाशाचे प्रमाण विचारले तर ते एकास एक निघते, आणि जिंकलेले क्षेत्रफळ भरते सतरा चौरस फूट. ब्रिटिश सैन्याचा खराखुरा सेनापती फील्ड मार्शल हेग इथे खेळण्यातले सैनिक मेजावरून पाडतो, झाडूने सुपडीत भरतो आणि खांद्यावरून मागे भिरकावतो. खंदकातल्या माणसांना मात्र लेखकांनी बोलण्याची धार दिली आहे, आणि ती उसनी नाही. बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळच्या ब्रिटिश सैनिकांनी १९१६ साली, तिथे सापडलेल्या छापखान्यावर ‘वायपर्स टाइम्स’ नावाचे पत्र काढले होते. ‘वायपर्स’ हा त्या शहराच्या नावाचा सैनिकांनी केलेला अपभ्रंश. ‘आपणास आशावादाची बाधा झाली आहे काय?’ अशा थाटाच्या खोट्या जाहिराती त्यात असत. प्रत्यक्ष मरणाच्या दारात उभी असलेली माणसे हे लिहीत होती, तेव्हा खंदकात विनोद नको असे त्यांच्या वतीने आपण म्हणणे मला जरा आगाऊपणाचे वाटते.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. ब्रिटनचे तत्कालीन शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी २०१४ साली, अशा मालिकांमुळे हे युद्ध म्हणजे नालायक वरिष्ठांचा निव्वळ गोंधळ असा समज पसरतो, अशी टीका केली होती. अनेक ब्रिटिश जनरल स्वतः युद्धात मारले गेले आणि १९१८ साली विजय मिळवणाऱ्या ब्रिटिश सैन्याचा सेनापती हेगच होता, हे मालिका पाहून कळत नाही. हेगला समजून घ्यायला कोणी ती पाहू नये.

राहिली आपली लाज. अखेरच्या भागात मेल्चेट आपला मदतनीस कॅप्टन डार्लिंग याला मोठ्या कौतुकाने आघाडीवर धाडतो. तो गयावया करतो, आणि मेल्चेटला त्यातले काही ऐकूच येत नाही. खंदकात पोहोचल्यावर, मायदेशी परतून क्रिकेटमध्ये यष्टिरक्षण करायचे, डोरिसशी लग्न करायचे, असे बेत तो सांगतो. डायरीत मात्र त्याने एका शिवीपलीकडे काही लिहिलेले नसते. हल्ल्याच्या क्षणी बॉल्ड्रिक नेहमीप्रमाणे म्हणतो, माझ्याकडे एक युक्ती आहे. सुटकेसाठी डोक्यावर चड्डी आणि नाकपुड्यांत पेन्सिली घालून वेड्याचे सोंग करून बसलेला ब्लॅकॲडर उत्तरतो, की ती काहीही असो, माझ्यापेक्षा बरीच असेल; इथे आणखी एक वेडा कोणाच्या लक्षात आला असता? बांधणीने हा विनोदच आहे, मालिकेतल्या इतर शंभरांसारखा. फक्त तो ऐकताना आपण हसत नाही.

शिट्टी वाजते, सगळे शिडीवरून वर चढतात. हल्ल्याचे मूळ चित्रीकरण अगदी तोकडे आणि काहीसे फसलेले होते. संकलनात त्याचा वेग मंद केला गेला, आणि माणसे विरत जाऊन तिथे पॉपीच्या, म्हणजे ब्रिटनमध्ये त्या युद्धातल्या मृतांची आठवण म्हणून मिरवल्या जाणाऱ्या लाल फुलांचे शेत उरले.