ऑइल प्रिंट आणि कॅनव्हास यांत नेमका फरक काय?

आपल्या आजोळच्या लक्ष्मीच्या जुन्या चित्राला घरची मंडळी ‘ऑइल पेंटिंग’ म्हणतात, फ्रेमवाला मात्र ते ‘ऑइल प्रिंट’ असल्याचे सांगून कॅनव्हासवर नवे करून देण्याची तयारी दाखवतो, तेव्हा खरे काय समजावे, असे आपण विचारले आहे. ‘कॅनव्हास’ हे पृष्ठभागाचे नाव आहे, ‘ऑइल’ हे रंगमाध्यमाचे आणि ‘प्रिंट’ हे प्रत काढण्याच्या रीतीचे. त्यामुळे चित्र कॅनव्हासवर आहे, एवढ्यावरून ते हाताने रंगवलेले ठरत नाही.

आपले चित्र बहुधा ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील प्रत, असावे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तेथून निघालेल्या देवदेवतांच्या प्रती महाराष्ट्रात घरोघरी पोहोचल्या. ही दगडावरची छपाई होती: प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करून एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवले जात. वरून वॉर्निश देऊन आणि दाबाने कापडाच्या विणीसारखा पोत उठवून कागदाला तैलचित्राचा आभास दिला जाई. ‘ऑइल’ म्हणायचे ते बव्हंशी या तकाकीमुळे.

ओळखण्यासाठी भिंग आणि विजेरी पुरते. भिंगातून रंगांचे बारीक ठिपके दिसले, तर ती छपाई आहे. विजेरी बाजूने तिरपी धरली, की तैलचित्रात रंगाचे जाड-पातळ थर आणि पदराच्या वळणाबरोबर वळलेले कुंचल्याचे फटकारे उठून दिसतात. ओलिओग्राफमध्ये मात्र देवीचा चेहरा असो वा कमळ, पोत सगळीकडे एकसारखाच असतो. पाठीमागे कापड आहे म्हणून हुरळून जाऊ नये, कारण छापलेला कागद कापडावर चिकटवण्याचीही पद्धत होती. खालच्या कडेला छापखान्याचे नाव असेल, तर प्रश्नच मिटला. रविवर्मांची अस्सल तैलचित्रे बडोद्याच्या महाराजा फतेहसिंह संग्रहालयात पाहता येतात. ती एकदा पाहिली, की हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

फ्रेमवाला जे देऊ करतो, ती बहुधा आजची कॅनव्हास प्रिंट आहे, म्हणजे फोटोवरून इंकजेट यंत्राने कापडावर काढून लाकडी चौकटीवर ताणलेली प्रत. येथे वीण खरी असते, पण रंग तेलाचा नसतो; काही जण वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारून देतात, ती मला तरी निव्वळ बनवाबनवी वाटते. शोभेसाठी अशी प्रत जरूर घ्यावी, मात्र तिच्यापायी जुने चित्र टाकून देऊ नये.

जुन्या प्रतीला काच अवश्य असावी, परंतु काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीची, फट ठेवायला सांगावे, कारण पावसाळ्यात ओल धरली की वॉर्निश काचेला चिकटते. दिवाळीच्या साफसफाईत आमच्याकडच्या सरस्वतीवरून मीच ओले फडके फिरवले होते. तिच्या वीणेचा अर्धा भाग तेव्हापासून पांढुरका आहे.