मज्जा: हाडातली आणि पाठीतली

एका वाचक भगिनीने विचारले आहे: ‘धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग आहे आणि माझी अस्थिमज्जा त्याला जुळली. मी द्यायला तयार आहे, पण आई ऐकत नाही. ती म्हणते, मज्जा म्हणजे पाठीच्या कण्यातली. ती काढली तर तू जन्मभर अंथरुणाला खिळशील. आमच्या शेजारच्या काकांच्या मज्जारज्जूला मार बसला होता, त्यांचे हाल तिने डोळ्यांनी पाहिलेत. अस्थिमज्जा, मज्जारज्जू आणि मज्जातंतू यांतली मज्जा एकच का?’

एकच नाही. अस्थिमज्जा म्हणजे हाडांच्या पोकळीत भरलेला मऊ गर. रक्तातल्या तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबिका (प्लेटलेट) तिथे तयार होतात. मज्जारज्जू ही मेंदूतून निघून पाठीच्या कण्यातून खाली उतरणारी दोरी आहे. करंगळीएवढी जाड, मोठ्या माणसात साधारण ४५ सेंटिमीटर लांब. हातापायांचे, छातीचे, पोटाचे बहुतेक निरोप तिच्यातून वर-खाली जातात. ती रक्त बनवत नाही, आणि हाडातली मज्जा निरोप पोचवत नाही. मज्जा देताना या दोरीला कोणी हातसुद्धा लावत नाही.

मग दोन्हींना एकच नाव का? तुमच्या आईने जो अर्थ लावला तो भाषेला धरूनच लावला आहे, म्हणून हा प्रश्न मला नीट उलगडावासा वाटतो.

संस्कृतात मज्जा हाडातलीच. आयुर्वेदातल्या रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र या सात धातूंत ती सहावी, अस्थीच्या लगेच पुढची. सुश्रुतसंहितेत तर मोठ्या हाडांतली मज्जा आणि इतर हाडांतला रक्तासह असलेला मेद असा फरकही केलेला आहे. मेंदूसाठी मस्तिष्क, मस्तुलुंग असे निराळे शब्द होतेच.

पाठीतल्या दोरीला मज्जा म्हणण्याची वाट युरोपातून आली. लॅटिनमध्ये ‘मेड्युला’ म्हणजे हाडातला गर, आणि तोच शब्द पाठीतल्या दोरीलाही. ग्रीक ‘म्युएलॉस’चेही तसेच. जर्मन माणूस आजही एकाला ‘क्नोखेनमार्क’ म्हणतो आणि दुसरीला ‘र्‍युकेनमार्क’: हाडाची मज्जा, पाठीची मज्जा. फ्रेंचमध्येही दोन्हीकडे एकच ‘म्वाल’. इंग्रजीत ‘स्पायनल कॉर्ड’ रुळण्याआधी ‘स्पायनल मॅरो’ सर्रास चाले. आपल्याकडे पाश्चात्त्य वैद्यक मराठीत येऊ लागले तेव्हा मज्जारज्जू, मज्जातंतू, मज्जासंस्था हे शब्द याच वळणाने घडले असावेत, असे मी मानते. डॉक्टरांच्या तोंडचे इंग्रजी शब्दही या घोटाळ्यातून सुटलेले नाहीत. ‘मायलोमा’ हाडातल्या मज्जेचा कर्करोग, तर ‘मायलायटिस’ ही पाठीतल्या दोरीची सूज. दोन्हींच्या पोटात तोच ग्रीक म्युएलॉस. सुरुवातीला ‘ऑस्टिओ’ म्हणजे हाड लागले, की ऑस्टिओमायलायटिस पुन्हा हाडात जातो.

दोन वेगळ्या गोष्टी लोकांना एक का वाटल्या हे पुस्तकापेक्षा मटणाच्या ताटात लवकर कळते. नळी ताटाच्या काठावर आपटली की आतून लोण्यासारखा गर सुटून येतो, ती मज्जा. त्याच रश्श्यात पाठीच्या मणक्याचा तुकडा आला तर तो जरा निरखून पाहा. मणक्याचे हाड आतून जाळीदार असते, त्या जाळीतही मज्जाच असते. पण मधोमध एक गोल भोक असते आणि त्यातून पांढरी, गुळगुळीत, मऊ दोरी ओढून काढता येते. ती मज्जारज्जू. नळीतला गरही मऊ, ही दोरीही मऊ, आणि दोन्ही हाडाच्या आत दडलेल्या. कापणाऱ्या-शिजवणाऱ्या माणसाला त्या एकाच जातीच्या वाटल्या तर नवल नाही. उर्दूत पाठीतल्या या दोरीला ‘हराम मग्ज़’ म्हणतात.

आणि हा मग्ज़ म्हणजे आपला मगज. फारसीत त्याचा अर्थ मेंदूही होतो, हाडातली मज्जाही आणि बियांच्या आतला गरही. मिठाईवर पेरायच्या मगजबीतला मगज तोच. संस्कृत ‘मज्जन्’ आणि फारसी ‘मग्ज़’ सख्ख्या बहिणी आहेत. रशियन भाषेत मेंदूला ‘मोझ्ग’ म्हणतात, तीही याच घरची, आणि इंग्रजी ‘मॅरो’सुद्धा. कठीण कवचाच्या आत जपलेले मऊ सार, एवढाच मूळ अर्थ. मग कोणी तो हाडाला लावला, कोणी कवटीला, कोणी कण्याला. (‘मज्जा आली’ मधली मज्जा मात्र फारसी ‘मज़ा’वरून आलेली. अक्षरे तीच, घराणे निराळे.)

शेजारच्या काकांबद्दल आईला वाटणारी भीती खरी आहे, म्हणून त्या दोरीचे काम थोडे सांगते. कवटीच्या तळाशी, जिथे मेंदू संपून दोरी सुरू होते, त्या भागाला जुन्या पुस्तकांत लंबमज्जा म्हणतात. म्हणजे मज्जा इथेही आलीच. आपण झोपेत असतो तेव्हासुद्धा मिनिटाला बारा ते वीस वेळा ‘श्वास घे’ हा हुकूम तिथून सुटतो. दोरीतून तो मानेपर्यंत उतरतो, आणि तिथल्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या चेतांमधून, म्हणजे दोरीतून फुटणाऱ्या मज्जातंतूंमधून, छातीच्या तळाशी असलेल्या श्वासपटलाला पोचतो. पटल खाली ओढले जाते, फुप्फुसे पसरतात, हवा आत येते. मार मानेच्या वरच्या भागात बसला तर हा हुकूम वाटेतच तुटतो आणि श्वाससुद्धा यंत्राने द्यावा लागतो. मार कमरेजवळ बसला तर श्वास चालू राहतो, पाय जातात. पोलिओ म्हणजे पोलिओमायलायटिस, शब्दशः ‘करड्या मज्जेची सूज’. तो हाडाचा रोग नव्हताच. दोरीतल्या करड्या भागातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी तो मारायचा, म्हणून पाय लुळे पडायचे आणि काही मुलांना लोखंडी पेटीत झोपवून श्वास द्यावा लागायचा. या दोरीला आई घाबरते ते योग्यच आहे. फक्त तुमच्या दानाचा आणि त्या दोरीचा संबंध नाही.

मज्जा काढतात ती कमरेच्या हाडाच्या मागच्या काठातून, भूल देऊन. कमरेवरचा पट्टा जिथे टेकतो तिथे मागे हात लावला तर तो काठ हाताला लागतो. चार दिवस कंबर दुखते, आणि दिलेली मज्जा काही आठवड्यांत शरीर भरून काढते. आता तर पुष्कळदा हाडाला सुईही लावत नाहीत. चार-पाच दिवस इंजेक्शने देतात, त्यामुळे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी मज्जेतून रक्तात उतरतात, आणि दंडातून रक्त यंत्रात फिरवून त्या वेगळ्या करतात. तुमच्या बाबतीत कोणती पद्धत ते डॉक्टर ठरवतील. आईला त्यांच्यासमोर बसवून ‘सुई नेमकी कुठे लावणार?’ एवढे विचारू द्या.

राहिला प्रश्न कोणता शब्द वापरावा हा. मी रुग्णालयांची माहितीपत्रके मराठीत करते, आणि गेली काही वर्षे एकच नियम पाळते: मज्जा फक्त हाडातली. पाठीतल्या दोरीला मेरुरज्जू, मज्जातंतूला चेता किंवा चेतातंतू, मज्जासंस्थेला चेतासंस्था. शाळेच्या पुस्तकांत हेच शब्द आहेत, लंबमज्जेलाही तिथे मस्तिष्कपुच्छ म्हणतात. त्यामुळे घरातल्या दहावीच्या मुलाला हे सगळे पाठ असते, आजीला मात्र मज्जातंतूच कळतो. मराठी विश्वकोशात तंत्रिका तंत्र आहे, तेही चुकीचे नाही. पण चेता शब्दात चेतना ऐकू येते, तंत्रिकेत तसे काही ऐकू येत नाही. ‘स्नायू’ इथे नकोच. बंगालीत स्नायू म्हणजे चेता, आपल्याकडे तो कधीच मांस-आकुंचनाच्या कामाला लागला. ‘नस’ तर आणखी सैल. नस दबली यात चेता, नस फुगली यात रक्तवाहिनी, नसेवर नस चढली यात बहुधा पेटका आलेला स्नायू.

मज्जातंतू हा शब्द जुना आहे, वर्तमानपत्रांत रुळला आहे, दवाखान्यांच्या पाट्यांवर आहे, तो एका दिवसात जाणार नाही, आणि गप्पांत तो कोणी वापरला तर मी टोकत नाही. पण जिथे सही घ्यायची असते, तिथे मी तो ठेवत नाही. ‘मज्जा काढण्यास माझी संमती आहे’ या ओळीखाली सही करणाऱ्याच्या मनात कणा येत असेल, तर ती संमती समजून दिलेली नाही.

आईशी बोलताना तुम्ही मज्जा हा शब्दच बाजूला ठेवा, अस्थिमज्जाही नको. म्हणा, ‘आई, कमरेच्या हाडातला रक्त बनवणारा गर थोडासा देणार आहे. नळीत असतो ना, तसला. पाठीच्या मणक्यातली पांढरी दोरी असते, तिला कोणी शिवणार नाही.’ मटण शिजवणाऱ्या हातांना हा फरक सांगावा लागत नाही. घरी सामिष नसेल तर शेवग्याची शेंग पुढे ठेवा: दातांनी ओढून खातो तो गर वेगळा, आणि सोलताना निघतो तो लांब दोरा वेगळा.