‘संशोधनात सिद्ध झालंय’ म्हणे!

माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ पत्रांत हे वाक्य असतं. कोणाच्या संशोधनात, कोणत्या लोकांवर आणि कशाशी तुलना करून सिद्ध झालंय, ते मात्र एकाही पत्रात नसतं. म्हणून यावेळी अशीच काही पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : वर्किंग पेपर आणि नियतकालिकात छापून आलेला शोधनिबंध एकच का?

नाही. वर्किंग पेपर म्हणजे छापून येण्याआधी लोकांपुढे ठेवलेला संशोधनाचा मसुदा; तो बहुधा समीक्षकांच्या हाताखालून गेलेला नसतो आणि पुढे त्याचे आकडे बदलू शकतात.

प्रश्न : चार दिवसांच्या कामाच्या आठवड्याने कंपन्यांचं नुकसान होत नाही, हे ब्रिटनमध्ये सिद्ध झालं ना?

२०२२ साली तिथे ६१ संस्थांनी सहा महिने हा प्रयोग केला. सुमारे २,९०० कर्मचारी होते. बहुतेक संस्थांनी पुढेही तेच चालू ठेवलं. पण या संस्था आपणहून पुढे आल्या होत्या आणि शेजारी जुन्याच पद्धतीने चालणारा, तुलनेसाठी ठेवलेला गट नव्हता. ज्याला पोहायची हौस आहे तोच पाण्यात उतरला, तर ‘पाणी सगळ्यांना मानवतं’ असं म्हणता येत नाही. आशादायक, एवढंच म्हणेन. तुमच्याकडे करायचंच असेल तर आधी एका विभागात करा, आणि मोजमाप कसं करायचं ते संख्याशास्त्र जाणणाऱ्याला सुरुवात करण्यापूर्वी विचारा.

प्रश्न : साहेब म्हणतात घरून काम केल्याने उत्पादकता घटते हे सिद्ध झालंय. एचआर म्हणतं, वाढते हे सिद्ध झालंय. खरं कोण?

दोघेही. आणि म्हणूनच दोघेही चूक.

सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये २०१०-११ साली नऊ महिने प्रयोग झाला. घरून काम करायला तयार असलेल्या पात्र २४९ जणांपैकी कोणी घरी बसायचं, हे जन्मतारीख सम की विषम यावर ठरलं. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. त्या १३ पैकी ९ टक्के तर नुसते जास्त मिनिटं काम केल्याचे होते, कारण सुट्ट्या आणि मधले ब्रेक कमी झाले. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. हे एचआरने वाचलेलं असतं. कामगिरीच्या मानाने घरून काम करणाऱ्यांना बढत्या कमी मिळाल्या, हे त्याच निबंधात आहे, ते कोणी वाचत नाही.

दुसरा प्रयोग चेन्नईतला, डेटा एंट्रीचा. तिथेही वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच झाली, पण माणसं नव्याने घेतलेली होती. घरी बसलेल्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी निघाली. त्यातला दोन तृतीयांश फरक पहिल्याच दिवशी दिसला, उरलेला ऑफिसातले लोक काम लवकर शिकले म्हणून.

आता बघा. एकीकडे मुरलेले, स्वतःची खोली असलेले, स्वखुशीने आलेले लोक. दुसरीकडे नवखे. ‘घरून काम’ हे दोन शब्द समान आहेत म्हणून प्रश्न समान होत नाही. मी वर्गात वर्षानुवर्षं एकच गोष्ट घोकून घेतो : टक्केवारी दिसली की आधी विचारा, कोणाशी तुलना? तेवढं विचारलं असतं तर हे भांडणच झालं नसतं.

आणि मधला मार्गही तपासलेला आहे. त्याच चिनी कंपनीत १,६१२ जणांवर, आठवड्यातून दोन दिवस घरून. २०२४ साली निष्कर्ष छापून आले : राजीनामे एक तृतीयांशाने घटले, मूल्यांकनात आणि बढत्यांत फरक नाही. तरीही हे जसंच्या तसं उचलू नका. तुमच्याकडे काम कुठलं, माणसं किती जुनी, ते बघा. धोरण लिहिण्याआधी मोजणी जाणणाऱ्या माणसासोबत बसा.

प्रश्न : ‘पॉवर पोज’च्या कार्यशाळेसाठी कंपनी पैसे भरतेय. जाऊ का?

पैसे कंपनीचे असतील तर चहा प्यायला जा. छाती पुढे काढून, हातपाय पसरून उभं राहिलं की हार्मोन बदलतात आणि धाडस वाढतं, असा हा दावा. २०१० चा मूळ अभ्यास ४२ जणांवर होता. २०१५ मध्ये २०० जणांवर पुन्हा करून पाहिला तेव्हा हार्मोन बदलले नाहीत, धाडसही वाढलं नाही. २०१६ मध्ये मूळ लेखिकांपैकी एकीने स्वतःच जाहीर केलं की हा परिणाम खरा आहे असं तिला आता वाटत नाही. कार्यशाळांची पत्रकं मात्र अजून तीच छापली जातात.

प्रश्न : कंपनीत बदल घडवण्याचे ७० टक्के प्रकल्प फसतात, हे खरं का?

ऐकीव. २०११ साली एका अभ्यासकाने हा आकडा कुठून आला ते शोधलं; त्याला खात्रीलायक पुरावा सापडला नाही.

प्रश्न : एआय आल्यावर अनुभवी माणसांची किंमत कमी होणार का?

ग्राहकसेवेतल्या ५,१७९ जणांच्या २०२३ च्या अभ्यासात एआय मदतीला दिल्यावर उत्पादकता सरासरी १४ टक्के वाढली. नवख्यांची ३४ टक्के, मुरलेल्यांची जेमतेम. पण त्याच वर्षी ७५८ व्यवस्थापन सल्लागारांवर प्रयोग झाला. एआयच्या आवाक्याबाहेरचं काम मुद्दाम दिलं, तेव्हा ते वापरणाऱ्यांची उत्तरं बरोबर येण्याचं प्रमाण १९ टक्के-बिंदूंनी, म्हणजे शंभरामागे १९ने, घसरलं. आवाका कुठे संपतो, हे ओळखायला अनुभवी माणूसच लागतो. त्याला काढण्याआधी त्याच्याशी बोला.

प्रश्न : ‘संशोधनानुसार’ असं लिहून कंपनीने कमी पगाराचा नवा करार पाठवला. मी तीन महिन्यांपूर्वी सही केली. आता काय?

संशोधन म्हणजे कायदा नव्हे, आणि हे माझं क्षेत्रही नव्हे. कामगार कायद्याच्या वकिलाला दोन्ही करार दाखवा. सही करण्याआधीच दाखवायला हवे होते. हरकत घ्यायची काही मुदत असेल तर ती सरत चालली असेल, तेव्हा माझ्या पुढच्या उत्तराची वाट न बघता आज जा.